पोटात कळ, पाठीत चमक: स्वादुपिंडातल्या खड्यांविषयी
(सामुदायिक रेडिओवरील ‘आरोग्याच्या गप्पा’ या सदरातील भाषण)

स्वयंपाक उरकला असेल, भांडी पडली असतील, तर पडू द्या थोडा वेळ. रेडिओ जवळ ओढा. आज आम्ही तुम्हाला अशा दुखण्याची माहिती देणार आहोत, जे आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्हालाच दिसलं नाही.

आमच्या बचत गटात एक ताई आहे. तिनंच सांगितलंय, माझं सगळं सांगा, फक्त नाव घेऊ नका. म्हणून आम्ही तिला नुसतं ताईच म्हणू. वय तिशीच्या आतलं, दोन लेकरं, घरची दीड एकर जिरायत. गटाच्या मीटिंगला यायची तेव्हा भिंतीला टेकून कधी बसायची नाही. गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून बसायची. आम्ही हसायचो, म्हणायचो, “काय गं, म्हातारी झालीस का?” ती म्हणायची, “असं बसलं की जरा बरं वाटतं.”

हे वाकून बसणं म्हणजेच तिच्या आजाराची खूण होती. ते आम्हाला कळायला दोन वर्षं लागली.

जेवली की वरच्या पोटात कळ यायची आणि ती थेट पाठीत निघायची. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, पित्त आहे. कुणी ओवा दिला, कुणी सोडा दिला, कुणी मेडिकलमधून गोळी आणून दिली. गोळीनं दोन तास बरं वाटायचं. मग तिनं जेवणच कमी केलं, कारण जेवलं की दुखतं. सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी धरली. घरच्यांना वाटलं, देवाधर्माचं वेड लागलं. वजन ४८ किलोवरून ३६ वर आलं. सासूबाई म्हणाल्या, “कामाला नको, खायला नको, नुसतं पोट धरून निजते. धाडा हिला माहेरी.”

शेवटी एका रात्री उलट्या थांबेनात, तेव्हा १०८ ची गाडी बोलावून तिला नेलं. पोटाचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाच्या नळीत खडे आहेत. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. मुतखडा माहीत होता, पित्ताशयातला खडा माहीत होता. हा तिसरा खडा कुठला?

मग आम्ही डॉक्टरांना विचारत गेलो, वहीत लिहून घेत गेलो. ते आज तुमच्यापुढं मांडतो.

स्वादुपिंड म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. जठराच्या मागं, पाठीच्या कण्याला लागून, आडवी पडलेली ही एक ग्रंथी. लांबी १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. कण्याला लागून आहे, म्हणून दुखणं पाठीत निघतं. पुढं वाकलं की तिच्यावरचा ताण थोडा कमी होतो, म्हणून वाकून बरं वाटतं. ही ग्रंथी दोन कामं करते. एक, अन्न पचवणारा रस तयार करते. तेल-तूप, डाळ, भाकरी, सगळं पचवायला हा रस लागतो. दुसरं, इन्सुलिन तयार करते, ज्यानं रक्तातली साखर ताब्यात राहते. पाचक रस एका बारीक नळीतून आतड्यात जातो. खडे होतात ते या नळीत आणि तिच्या फाट्यांत.

तुमच्यापैकी कितीजणींच्या शेतात ठिबक आहे? मग हे लगेच कळेल. ठिबकच्या नळीत क्षार साचतात, छिद्र बुजतं, मागं पाण्याचा दाब वाढतो आणि पुढचं रोप सुकतं. इथंही तसंच. स्वादुपिंडाला बराच काळ सूज राहिली की रस घट्ट होतो. त्यात गुठळ्या होतात. त्या गुठळ्यांवर चुन्याचे थर बसतात आणि खडा तयार होतो. खडा नळी अडवतो, मागं रस तुंबतो, दाब वाढतो, कळ येते. पुढं आतड्यात रस पोचत नाही, म्हणून अन्न पचत नाही आणि माणूस वाळत जातं.

ठिबकमध्ये आपण ॲसिड सोडतो आणि क्षार विरघळवतो. पोटात तसं करता येत नाही. हा खडा विरघळवून टाकील असं खात्रीचं औषध नाही. ताईला आम्ही पानफुटीची पानं खायला घातली, कुळथाचं कढण पाजलं. खडा म्हणजे खडा, असं आम्हाला वाटलं. पण मुतखडा लघवीच्या वाटेत असतो. तो बारीक असला तर भरपूर पाणी पिऊन लघवीवाटे पडून जाऊ शकतो. स्वादुपिंडाच्या नळीचा आणि लघवीचा काही संबंध नाही. त्यामुळं पाणी कितीही प्यायलं तरी हा खडा लघवीतून पडत नाही.

आता हा आजार होतो कशानं? दारू हे एक मोठं कारण आहे. बिडी-सिगारेट हे दुसरं. दारू आणि बिडी एकत्र आली तर आजार लवकर वाढतो. काही घराण्यांत तो रक्तातून येतो. काहींच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं असतं. पण आपल्या देशात अशा कितीतरी तरुण मुली-मुलांना हा आजार होतो, ज्यांनी दारूला कधी हात लावलेला नसतो.

हे आम्ही मुद्दाम सांगतोय. ताईला दवाखान्यात विचारलं, “दारू पिता का?” डॉक्टरांना विचारावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण ते शब्द दाराबाहेर उभ्या असलेल्या नात्यातल्या बायकांनी ऐकले. आठ दिवसांत गावभर झालं, ही चोरून पिते म्हणून. दुखण्यानं रडली नव्हती तेवढी ती या बोलण्यानं रडली. तेव्हा मैत्रिणींनो, कुणाला हा आजार निघाला तर आधी तिच्या चारित्र्याचा पंचनामा करू नका.

केरळात हा आजार पूर्वीपासून जास्त दिसतो. १९६० च्या दशकात तिथं डॉ. गीवर्गीस यांनी अशा पुष्कळ रुग्णांचा अभ्यास केला. गरीब घरची, वाळलेली, तरुण माणसं. पोटात दुखतं, नळीत खडे आणि वर मधुमेह. तिथले लोक टॅपिओकाचा कंद खातात, म्हणून बरीच वर्षं त्या कंदावर संशय होता. पुढच्या अभ्यासांत तो सिद्ध झाला नाही. उलट अनेक रुग्णांच्या जनुकांतच फरक सापडले. आपला साबुदाणाही त्याच कंदाचा. म्हणून कुणी म्हणालं की उपासाची खिचडी खाऊन खडे झाले, तर मानू नका. टोमॅटो-वांग्याच्या बिया, बोअरचं खारं पाणी, यांनाही दोष देऊ नका.

लक्षणं आता नीट ऐका. लिहिता येत असेल तर लिहून घ्या.

वरच्या पोटात कळ येते आणि पाठीत जाते. जेवणानंतर वाढते, पुढं वाकलं की कमी वाटते. कधी चार दिवस राहते, कधी महिनाभर नाहीशी होते, परत येते. वजन उतरत जातं. शौचाला तेलकट, फिकट, फार वास येणारी होते, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहते. आणि वय लहान, अंग वाळलेलं, तरी रक्तात साखर निघते. यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर पित्त म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक गोष्ट. पोटात न थांबणारी कळ आणि उलट्या, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

तपासण्या कोणत्या? रक्तातली साखर आणि सोनोग्राफी यांपासून सुरुवात होते. या खड्यांत चुना असतो, म्हणून पुष्कळदा ते साध्या एक्स-रेमध्येही दिसतात. पण सोनोग्राफीत गॅसमुळं स्वादुपिंड कधी कधी नीट दिसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला आणि दुखणं मात्र तसंच राहिलं, तर परत जा आणि सांगा. मग सिटी स्कॅन किंवा एम.आर.सी.पी. नावाची तपासणी करतात. त्यात नळी किती फुगली आहे, खडा कुठं आहे, नळी कुठं आकसली आहे, ते कळतं. आजार जुना असला तर रक्ताच्या काही तपासण्या नॉर्मलही येतात. त्यामुळं एका रिपोर्टवर “बाई नाटक करते” असा निकाल कुणी देऊ नये.

आता उपचार. खडे दिसले म्हणजे लगेच काढायलाच पाहिजेत असं नाही. दुखत नसेल तर डॉक्टर नुसतं लक्ष ठेवतात. दुखत असेल, नळी तुंबली असेल, तर पुढचं पाऊल उचलतात.

पहिली गोष्ट, दारू आणि तंबाखू पूर्ण बंद. मशेरी ही तंबाखूच आहे बरं का, ती सोडताना हिला सवलत देऊ नका. दुसरी, वेदनाशामक गोळ्या डॉक्टर सांगतील त्याच आणि तेवढ्याच. मेडिकलमधून आणून रोज घेतलेल्या गोळ्यांनी जठरात जखमा होतात, किडनीवर परिणाम होतो.

तिसरी, पाचक रसाच्या कॅप्सूल. आपली ग्रंथी रस देत नाही, म्हणून तो बाहेरून द्यायचा. ही कॅप्सूल उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण मोठं असेल तर जेवताना मध्येही. चावायची नाही. ताई ती सकाळी चहाबरोबर घेत होती, म्हणून तिला महिनाभर गुण आला नाही. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. कुणाला त्याची अडचण वाटत असेल तर गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

चौथी गोष्ट, खडा फोडणं. मुतखडा बाहेरून धक्के देऊन फोडतात हे तुम्ही ऐकलं असेल, लिथोट्रिप्सी म्हणतात त्याला. तेच तंत्र जर्मनीतल्या म्युनिकच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडासाठी वापरलं आणि १९८७ मध्ये ते जगापुढं आणलं. आपल्याकडं हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीनं २०१० मध्ये अशा हजाराहून जास्त रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या बहुतेकांचे खडे पूर्ण किंवा बरेचसे निघाले होते.

हे करतात कसं? पोट फाडत नाहीत. वेदना कळू नये म्हणून औषध देतात. एक्स-रेमध्ये खडा बघून बाहेरून धक्क्यांच्या लहरी त्याच्यावर सोडतात. एका वेळी हजारो धक्के, तास-दीड तास. खड्याचा बारीक चुरा होईपर्यंत दोन-तीन वेळा करावं लागतं, कधी जास्तही. त्यानंतर तोंडातून दुर्बीण घालून आतड्यापर्यंत नेतात, नळीचं तोंड थोडं मोठं करतात आणि चुरा बाहेर ओढतात. या दुर्बिणीच्या उपचाराला ई.आर.सी.पी. म्हणतात. खडा बारीक असेल तर कधी नुसत्या दुर्बिणीनंही निघतो. नळी आकसलेली असेल तर तिच्यात प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात.

स्टेंटबद्दल कान देऊन ऐका. स्टेंट कायमचा नसतो. तो ठरलेल्या तारखेला बदलावा किंवा काढावा लागतो. दुखणं थांबलं की बाई घरी रमते. सुगी येते, लेकराची शाळा येते, गाडीभाड्याला पैसे नसतात आणि तारीख निघून जाते. स्टेंट बुजला की पुन्हा कळ, पुन्हा ताप. आम्ही ताईच्या स्टेंटची तारीख गटाच्या हजेरी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. दर मीटिंगला ती वाचायची. तुम्हीही असंच करा.

या उपचारात धोके नाहीत का? आहेत. नंतर स्वादुपिंडाला पुन्हा सूज येऊ शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. सही करण्याआधी हे विचारून घ्या. विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे.

पाचवी गोष्ट, ऑपरेशन. खडे फार असतील, ग्रंथीचा पुढचा भाग सुजून मोठा झाला असेल किंवा दुर्बिणीनं भागलं नसेल, तर सर्जन ती नळी लांबवर उघडतात, खडे काढतात आणि आतड्याचा वेढा तिला जोडून देतात. मग रस थेट आतड्यात उतरतो. आपल्याकडं समज असा, की ऑपरेशन म्हणजे सगळे उपाय हरल्यावर. पण नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं आणि निम्म्यांना आधी औषधं, मग दुर्बीण अशा पायऱ्यांनी नेलं. दीड वर्षात लवकर ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं सरासरीनं कमी राहिलं. याचा अर्थ सगळ्यांनी ऑपरेशन करावं असा नाही. अर्थ एवढाच, की दुर्बिणीचे डॉक्टर आणि सर्जन दोघांचं मत घ्या. “माझ्या बाबतीत कुठलं बरं आणि का?” हा प्रश्न विचारायला लाजू नका.

आता पैसे. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या दवाखान्यात एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचं संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती व्हायच्या आधी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. नेमका कुठला उपचार योजनेत बसतो, कुठला नाही, कुठल्या तपासणीचे पैसे भरावे लागतील, हे त्यालाच विचारा. आम्ही हे उशिरा केलं. ताईच्या नवऱ्यानं आधी सावकाराकडून पैसे उचलले आणि मग आम्हाला योजना कळली. रेशनकार्डावर ताईचं नावसुद्धा नव्हतं, लग्नाला नऊ वर्षं होऊनही. मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढं बघा: रेशनकार्डावर तुमचं नाव आहे का?

ताईचं पुढं काय झालं ते सांगतो. खडा तीन वेळा बसून फोडला. दुर्बिणीनं चुरा काढला, स्टेंट टाकला, दोनदा बदलला, वर्षानंतर काढला. गटानं अंतर्गत कर्ज दिलं आणि दर खेपेला एकजण सोबत गेली. सासूबाईंशी आम्हीच जाऊन बोललो. म्हणालो, “मावशी, पोर नाटक करत नाही. हा बघा फोटो, हे पांढरं दिसतंय ना, हे खडे.” मावशी बराच वेळ फोटो धरून बसल्या. मग म्हणाल्या, “एवढे दगड पोटात घेऊन ही कापूस वेचत होती?” त्या दिवसापासून माहेरी धाडायची भाषा बंद झाली.

कळ आता क्वचित येते. वजन ४४ वर आलंय. पण सगळं पहिल्यासारखं झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. ग्रंथीचं जे नुकसान झालं ते भरून येत नाही. ताईला साखर आहे आणि इन्सुलिन घ्यावं लागतं. कॅप्सूलही चालू आहेत. खडे पुन्हा होऊ शकतात, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. दोन वर्षं आधी नेलं असतं तर किती वाचलं असतं, हे आम्ही सांगू शकत नाही. पण दोन वर्षांच्या वेदना तरी वाचल्या असत्या.

अशा बाईची घरी काळजी कशी घ्यायची? थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला द्या. डाळ, उसळ, दही, अंडं, शेंगदाणे, जे घरात असेल आणि पचेल ते. तेल-तूप एकदम तोडू नका, कॅप्सूल घेऊन पचेल तेवढं द्या, नाहीतर अंगात ताकद येणार नाही. हाडं ठिसूळ होतात, म्हणून ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमबद्दल डॉक्टरांना विचारा. कॅल्शियमच्या गोळीनं खडा वाढेल असं समजून स्वतःहून ती बंद करू नका.

इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं कडक उपास करू नये. या आजारात साखर एकदम खाली जायचा धोका जास्त असतो. घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि मग खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. शेतात जाताना पदराला साखरेची पुडी बांधलेली असू द्या. देव उपास मोडला म्हणून रागावत नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. येत्या मीटिंगला हप्ते गोळा करून झाले की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीला विचारा, तीन महिन्यांपासून पोट दुखतंय का, अंग वाळतंय का, गोळ्यांवर दिवस काढतेयस का. कुणी गुडघे पोटाशी घेऊन, वाकून बसलेली दिसली तर हसू नका. आम्ही हसलो होतो.

पुढच्या बुधवारी याच वेळी भेटू. तोवर स्वतःला जपा, शेजारणीलाही जपा. नमस्कार.